खुनाच्या पुस्तकातल्या दाढा

पुस्तक लिहावं की लिहू नये, यावर माणसामाणसांत मतभेद असतील. पण लिहून झालेलं पुस्तक घरात कुठे ठेवावं, यावर डॉक्टरांच्या घरात मतभेद नव्हते. ते पलंगाखाली ठेवलं होतं. एखादी प्रत नव्हे, अख्खी आवृत्ती.

डॉक्टर दातांचे होते आणि पुस्तकही दातांचंच होतं. 'दात, हिरड्या आणि आपली जबाबदारी' हे नाव त्यांनी स्वतः ठेवलं होतं, आणि त्यातला 'आपली जबाबदारी' हा भाग त्यांना विशेष आवडायचा. मुखपृष्ठावर हसणारा दात काढू या, असं छापखान्यातल्या चित्रकाराने सुचवलं होतं. डॉक्टर म्हणाले, दात हसत नसतो, माणूस हसतो. म्हणून मुखपृष्ठावर खुद्द डॉक्टरांचा फोटो आला, आणि त्यात तेही हसत नव्हते.

पुस्तकाचं स्वागत झालं नाही असं म्हणता येणार नाही. एका सहव्यावसायिकाने प्रत हातात तोलून 'कागद बरा वापरलाय' असा अभिप्राय दिला. चुलतभावाने विचारलं, "तुला वेळ कसा मिळतो रे?" चालत्या दवाखान्याच्या डॉक्टरला विचारू नये असाच हा प्रश्न होता. वरच्या मजल्यावरचे मॅनेजरसाहेब, म्हणजे बँकेतून निवृत्त होऊनही साहेबपणातून निवृत्त न झालेले गृहस्थ, यांनी भेट दिलेली प्रत दोन्ही हातांनी घेतली आणि पुढे तिचं नाव काढलं नाही. राहता राहिली बायको. हस्तलिखित असताना ती म्हणाली, "छापून आलं की वाचते." छापून आल्यावर म्हणाली, "जरा मोकळी झाले की वाचते." आणि बाईमाणूस संसारात कधी मोकळं होत नसतं, हे वाक्यही तिचंच होतं.

मग एक दिवस तिची थोरली बहीण राहायला येणार असं ठरलं. बहिणीला पलंग लागणार होता आणि पलंगाखालची जागा तिच्या बॅगांना.

"अहो, ते सगळं तुमच्या दवाखान्यात हलवा," बायको म्हणाली. "गेलं वर्षभर पलंगाखाली केरसुणी गेलेली नाही."

"ते सगळं म्हणजे पुस्तक ना?"

"तेच ते."

'तेच ते' हे शब्द डॉक्टरांना लागले, पण दातांच्या डॉक्टरने दुखलं असं म्हणायची पद्धत नाही. त्यांनी गठ्ठे रिक्षात घातले, बरेचसे दवाखान्याच्या मागच्या खोलीत रचले आणि थोड्या प्रती बाहेर, पेशंट बसतात तिथल्या टेबलावर ठेवल्या. मनात हिशेब सरळ होता. दात दुखत असलेला माणूस, समोर दातांचं पुस्तक, आणि आत बोलावणं यायला वेळ. याहून चांगला वाचक कुठे मिळणार?

पण दुखऱ्या माणसाचं मन काही वेगळंच असतं. पेशंट पंख्याकडे बघत. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत. एकमेकांच्या सुजलेल्या गालांकडे बघून आपलं बरं आहे असं समाधान मानत. एका गृहस्थाने पुस्तकावर हेल्मेट ठेवलं. एका बाईंनी मुलाला शांत बसवायला मुखपृष्ठावरचा फोटो दाखवला आणि म्हणाल्या, "गप्प बस, नाहीतर हे काका येतील." रिसेप्शनवरच्या ताई, ज्या फोन घेत, नंबर लावत आणि पेशंटांना धीर देत, त्यांनी हे सगळं पाहिलं होतं. पण सांगायचं कसं म्हणून त्या गप्प होत्या.

अखेर डॉक्टरांनी जिन्यात मॅनेजरसाहेबांना गाठलं. खरं म्हणजे मॅनेजरसाहेबांनीच डॉक्टरांना गाठलं. जिन्यात गाठणं आणि सल्ला देणं ही त्यांची निवृत्तीनंतरची नोकरी होती.

"तुमची चूक काय झाली सांगू?" ते म्हणाले. "माल एकटा ठेवलात. दुकानात एकच साडी टांगली तर कोण आत शिरेल? चार जातींचा माल ठेवा. रहस्यकथा ठेवा, प्रेमकथा ठेवा, भुताखेतांचं काहीतरी ठेवा, कविता ठेवा, चिंतनपर ठेवा. माणसाला वाचायची चटक लागू द्या. हात शेजारच्या पुस्तकाकडे गेला की कधीतरी तुमच्याकडेही जाईल."

"चुकून?"

"सगळ्या चांगल्या गोष्टी चुकूनच होतात, डॉक्टर."

गावात एक जुनं वाचनालय नुकतंच बंद पडलं होतं आणि तिथली पुस्तकं वजनावर विकायला काढली होती. डॉक्टरांनी त्यातला एक गठ्ठा उचलला. 'बाराव्या पायरीवरचं प्रेत', 'तू आलीस तेव्हा बोट सुटली होती', 'पडक्या गिरणीतली हाक', 'राखेचे उखाणे', आणि 'एक प्रवासी' एवढंच लेखकाचं नाव असलेलं 'आतल्या आत'. प्रत्येकाच्या तीन-तीन चार-चार प्रती होत्या, म्हणजे एकेकाळी या पुस्तकांसाठी रांगा लागत असणार. डॉक्टरांना त्या लेखकांचा हेवा वाटला. आता मात्र पुस्तकांची अवस्था त्यांच्याकडे उशिरा येणाऱ्या पेशंटांसारखी होती. सगळं हलत होतं, काही पडलेलं होतं.

गठ्ठा बाइंडरकडे जायचाच होता, तेव्हा डॉक्टरांनी आपल्याही काही प्रती सोबत दिल्या. छापखान्याने डिंक कच्चा वापरला होता. पुस्तक उघडलं की पानं हातात येत. ही गोष्ट वर्षभर कोणाच्या लक्षात आली नव्हती, कारण पुस्तक कोणी उघडलंच नव्हतं.

बाइंडर म्हातारा, मितभाषी आणि तत्त्वाचा माणूस होता. त्याने सगळ्या पुस्तकांची कव्हरं सोडवली, फाटकी पहिली-शेवटची पानं टाकून दिली, शिवण घातली, कडा कापल्या आणि मापाला माप जुळवून कव्हरं चिकटवून टाकली. काम झकास झालं होतं. पुस्तकं अशी ताठ उभी राहिली की डॉक्टरांना नव्या कवळीची आठवण झाली. आपल्या नावाची एक प्रत त्यांनी घरी नेऊन दिवाणखान्यातल्या फळीवर ठेवली, मेव्हणीच्या नजरेला पडेल अशी. बाकीची टेबलावर मांडली.

आणि पेशंट वाचू लागले.

हा बदल इतका झटपट झाला की डॉक्टरांना आधी संशयच आला. नंबर पुकारला तरी लोक उठेनात. एक जण म्हणाला, "यांना आत घ्या आधी, माझं एवढं प्रकरण होऊ द्या." दाढ काढायला आलेला माणूस आपला नंबर दुसऱ्याला देतो, हे त्या धंद्यात आजवर ऐकिवात नव्हतं. पण डॉक्टर दाराच्या फटीतून बघत तेव्हा त्यांना दिसायचं की लोकांच्या हातात प्रेत आहे, बोट आहे, गिरणी आहे. आपला न हसणारा फोटो तेवढा टेबलावर उताणा पडलेला.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी ताई आत आल्या आणि दार लावून घेतलं.

"सर, रागावणार नसाल तर एक सांगू? खुनाच्या पुस्तकात आपल्या दाढा निघाल्यात."

डॉक्टरांनी 'बाराव्या पायरीवरचं प्रेत' उघडलं. प्रकरण पहिलं, कीड कशी लागते. त्यांनी बोट उघडली. वरचा जबडा व खालचा जबडा. गिरणी, राख, आतल्या आत, सगळीकडे तेच. त्यांचंच वाक्यन् वाक्य, त्यांच्या स्वल्पविरामांसकट. मग त्यांनी स्वतःचा फोटो असलेली प्रत उघडली. पहिल्याच पानावर एका जिन्याच्या बाराव्या पायरीवर एक माणूस मरून पडला होता.

डॉक्टर तडक बाइंडरकडे गेले.

"मजकूर बघून चिकटवायला मी काय समीक्षक आहे?" बाइंडर म्हणाला. "माप जुळलं, चिकटवलं. कोणाची तक्रार आलीय का?"

डॉक्टर उत्तर द्यायला तोंड उघडून उभे राहिले आणि त्यांच्या लक्षात आलं की तक्रार आलेली नाही. लोक वाचतायत. एक वर्ष पलंगाखाली धूळ खाल्लेलं आपलं पुस्तक लोक नंबर चुकवून वाचतायत. सज्जन माणसाच्या आयुष्यात मोहाचे क्षण फार थोडे येतात, आणि सराव नसल्यामुळे तो त्यात हमखास सापडतो.

"मागच्या खोलीत अजून प्रती आहेत," डॉक्टर खालच्या आवाजात म्हणाले. "त्यांनाही अशीच कव्हरं छापून लावता येतील का? म्हणजे, चुकून लागल्यासारखी?"

बाइंडरने चष्मा वर केला. "चुकून चुकतं ते आपोआप होतं, साहेब. मुद्दाम चुकवायचं तर फार काळजीपूर्वक करावं लागतं. वेळ लागेल."

वेळ लागला, पण पुस्तकं आली. आणि मग त्या एकाच पुस्तकाचं असं काही स्वागत झालं, की पाच लेखकांनाही पुरून उरलं असतं. प्रेमकथा वाचणारी एक टायपिस्ट मुलगी अक्कलदाढेसाठी आली होती. ती ताईंना म्हणाली, "नायक-नायिका शंभर पानं भेटतच नाहीत, पण ते जबड्यांचं प्रकरण वाचून रडू आलं मला. जवळ यायचं, एकमेकांना झिजवायचं आणि पुन्हा दूर व्हायचं. आमच्या आईबाबांचं अगदी असंच आहे." व्यायामशिक्षकाने गिरणीचं पुस्तक घरी नेलं आणि दुसऱ्या दिवशी डोळे तारवटून परत केलं. रात्रभर काहीतरी आतून कुरतडतंय असा भास होत होता म्हणे. दोनदा उठून दात घासले. एका तरुण कवीने 'राखेचे उखाणे' बद्दल एवढंच सांगितलं की बाकीचा संग्रह पसरट आहे, पण अनुक्रमणिका ही कविता थोर आहे. आणि त्याने ती ताईंना म्हणूनही दाखवली: कीड. पोकळी. वेदना. मुळापर्यंत. काढणे. काढल्यानंतरची काळजी. ताईंनाही ती आवडली. त्यांनी ती लिहून घेतली.

डॉक्टर हे सगळं ऐकायचे आणि पेशंटच्या तोंडात बघत मान डोलवायचे. आनंद तर होत होता, पण तो भाड्याच्या घरात राहिल्यासारखा होता. कौतुक सगळं त्या पाच जणांचं होत होतं. ज्यांनी यातला एक शब्द लिहिला नाही, त्यांची शैली ओघवती ठरत होती. आणि टेबलावरच्या फोटोतले डॉक्टर, पोटात अस्सल खून घेऊन, कोणी उघडेल म्हणून वाट बघत होते.

घरी तर आणखीच चमत्कारिक प्रकार घडला.

एका संध्याकाळी डॉक्टर घरी आले तर न मागता चहा समोर आला. बायको समोर बसली. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर बायको न मागता चहा देऊन समोर बसते, तेव्हा नवरा मनातल्या मनात गेल्या आठवड्याचा झाडा घेतो. डॉक्टरांना काही सापडलं नाही.

"वाचलं मी," ती म्हणाली. "आमच्या ताईने फळीवरून काढलं, दोन पानं वाचून माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, तुझ्या नवऱ्याच्या मनात हे असं असेल असं वाटलं नव्हतं."

डॉक्टरांनी कप खाली ठेवला.

"मला वाटायचं तुम्ही दातांवर काहीतरी लिहिलंय. नावही तसंच दिलंत. लाजलात ना?" ती हसली. तिचं ते हसणं डॉक्टरांनी बऱ्याच वर्षांत पाहिलं नव्हतं. "त्या धक्क्यावर तिकिटं देणारा तो माणूस. रोज तिला तिकीट देतो आणि एक शब्द बोलत नाही. ती बोट सुटते तेव्हा त्याच्या हातात तिची सुट्टी नाणी राहतात. तुम्ही कधी बोटीत पाय ठेवला नाहीत, पाण्याला घाबरता, तरी किती खरं लिहिलंत."

खरं सांगायची वेळ हीच होती, हे डॉक्टरांना कळत होतं. त्यांनी घसा खाकरला. "अगं, ते बाइंडरने—"

"बांधणीही छान झालीय," ती म्हणाली आणि कप उचलून आत गेली, जाताना त्यांच्या खांद्यावर हात ठेवून.

त्या हाताचं वजन डॉक्टरांच्या खांद्यावर पुढचे कित्येक दिवस राहिलं. त्यांनी 'दात' कव्हरातली बोट चोरून वाचून काढली, निदान आपण काय लिहिलंय ते आपल्याला माहीत असावं म्हणून. पुस्तक चांगलं होतं, हाच मोठा त्रास होता. तो तिकीटवाला गप्प राहायचा आणि ते सुंदर वाटायचं. डॉक्टरही आयुष्यभर गप्पच राहिले होते, पण त्याला घरात घुमेपणा म्हणत. एकदा त्यांनी जेवताना तिकीटवाल्यासारखं नुसतं बघून पाहिलं. बायकोने विचारलं, "मीठ हवंय का?"

इकडे आठवडा उलटायच्या आत परवाना खात्यातले साहेब दवाखान्यात येऊन उभे राहिले. कोणीतरी अर्ज केला होता की दवाखान्याच्या नावाखाली विनापरवाना वाचनालय चालतं.

"दवाखान्यात चार जुनी मासिकं चालतात," साहेब म्हणाले. "त्याला आमची हरकत नाही. पण लोक दात चांगले असताना येऊन वाचत बसतात असं दिसतंय. म्हणजे वाचनालय झालं. वाचनालयाला वेगळं दार लागतं, आग विझवायची सोय लागते आणि शांतता लागते. वाचनालयात दाढा काढता येत नाहीत."

"मग दवाखाना समजा."

"दवाखान्यात पुस्तकं घरी देता येत नाहीत."

"दोन्ही समजा."

"अर्जात एकच रकाना आहे," साहेब म्हणाले. त्यात त्यांचा काही दोष नव्हता. रकाना त्यांनी आखलेला नव्हता.

मग त्यांनी पाहणीसाठी म्हणून 'बाराव्या पायरीवरचं प्रेत' उचललं, उभ्याउभ्या चाळलं, मग बसून चाळलं, आणि शेवटी 'नमुना म्हणून ताब्यात घेत आहे' असं म्हणून काखेत मारून नेलं. डॉक्टरांची झोप उडाली. परवान्याची काळजी होतीच, पण त्याहून मोठी काळजी ही, की सरकारी माणूस पुस्तक शेवटपर्यंत वाचणार.

साहेब परत आले ते गंभीर चेहऱ्याने. त्यांनी खुर्ची ओढली, आवाज खाली आणला.

"प्रेत म्हणजे ती दाढ. बरोबर?"

डॉक्टरांनी मान हलवली.

"आणि मारते साखर. मला पहिल्या पानापासून तिचाच संशय होता. इतकी गोड वागणारी व्यक्ती कधी सरळ नसते. पण तुम्हाला म्हणून सांगतो, लेखकाने घाई केली. गुन्हेगार पहिल्याच प्रकरणात सांगून टाकला, मग पुढे दीडशे पानं नुसती साफसफाई." त्यांनी खिशातून अहवालाचा कागद काढून समोर ठेवला. "तुमच्या भल्यासाठी लिहिलंय. वाचा."

अहवालात लिहिलं होतं: 'सदर ठिकाणी समक्ष पाहणी केली असता वाचण्यायोग्य एकही पुस्तक आढळून आले नाही. सबब त्यास वाचनालय म्हणता येणार नाही.'

"सही करा इथे," साहेब म्हणाले, "मान्य आहे म्हणून."

डॉक्टरांनी सही केली. माणसं मृत्युपत्रावर याहून हसतमुखाने सही करतात.

आणि त्याच आठवड्यात जिन्यात मॅनेजरसाहेबांनी त्यांचा हात धरला. मॅनेजरसाहेब 'चिंतन मंडळ' नावाचं एक मंडळ चालवत. दर रविवारी सकाळी काही निवृत्त मंडळी सोसायटीच्या वरच्या हॉलमध्ये जमून जीवनाचा अर्थ लावत. तो लागला नाही तर पुढच्या रविवारी पुन्हा. त्यांच्या हातात दवाखान्यातून नेलेलं 'आतल्या आत' होतं आणि त्यात पेन्सिलीच्या इतक्या खुणा होत्या की मूळ मजकूर अंग चोरून बसल्यासारखा दिसत होता.

"डॉक्टर, हा माणूस कोण आहे? हा 'एक प्रवासी'?" मॅनेजरसाहेबांनी पुस्तक उघडलं. "ऐका. 'जे वरून शुभ्र दिसते, ते आतून पोखरलेले असू शकते. वेदना होईपर्यंत वाट पाहू नये.' दीड महिना आम्ही या दोन वाक्यांवर आहोत. आणि तुमचं ते पुस्तक बघा. रागावू नका, पण किती रुक्ष. मी पहिल्या पानापुढे जाऊ शकलो नाही."

डॉक्टरांना आठवलं, ती दोन वाक्यं त्यांच्या पुस्तकाच्या दुसऱ्या पानावर होती.

कुठल्याही लेखकाच्या सहनशक्तीला सीमा असते. खुनाचं कौतुक त्यांनी सोसलं, उखाण्यांचं सोसलं, सरकारी अहवालावर सही केली. पण आता ते सोसवेना.

"तो प्रवासी मीच आहे," डॉक्टर म्हणाले.

मॅनेजरसाहेबांनी हात सोडला, एक पायरी खाली उतरले, म्हणजे डॉक्टर आपोआप वर राहिले, आणि म्हणाले, "येत्या रविवारी यायचंच. सपत्नीक."

रविवारी हॉल भरला होता. डॉक्टरांची बायको पहिल्या रांगेत बसली होती. आपल्या नवऱ्याच्या कादंबरीवर चर्चा आहे, अशी तिची समजूत होती आणि ती दुरुस्त करायला डॉक्टरांना जिना चढेपर्यंत जागा सापडली नव्हती. बसताना ती शेजारणीला सांगत होती, "तो धक्क्यावरचा शेवट आहे ना, तो मुद्दाम ऐका."

डॉक्टर बोलायला उठले. मनाशी त्यांनी ठरवलं होतं की आज सगळं सरळ सांगायचं. त्यांनी सरळच सांगितलं.

"हे पुस्तक दातांविषयी आहे," ते म्हणाले.

हॉलमध्ये एक समंजस हसू पसरलं. मॅनेजरसाहेबांनी शेजाऱ्याला हळूच सांगितलं, "किती विनय."

"मी खरंच सांगतोय. सकाळी आणि रात्री घासावेत, एवढाच त्याचा सारांश आहे."

"सकाळ म्हणजे बालपण आणि रात्र म्हणजे वार्धक्य का?" एका गृहस्थांनी विचारलं.

"नाही. सकाळ म्हणजे सकाळ. रात्र म्हणजे रात्र."

यावर दोघा-तिघांनी वहीत काहीतरी टिपून घेतलं. मग टाळ्या वाजल्या. मॅनेजरसाहेबांनी उठून हिरड्यांवरचं प्रकरण मोठ्याने वाचायला घेतलं. हिरडी दाताला धरून असते, पण दाताला ते माहीत नसतं, या वाक्याशी येऊन त्यांनी चष्मा काढून पुसला. डॉक्टरांना मात्र त्यांचा चष्मा दिसत नव्हता. त्यांना पहिली रांग दिसत होती. तिथे त्यांची बायको आधी गोंधळून, मग कपाळाला आठी घालून ऐकत होती. बोट नाही, धक्का नाही, नाणी नाहीत. तिने मॅनेजरसाहेबांच्या हातातल्या पुस्तकाकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे पाहिलं. तिला कळलं. तिच्या चेहऱ्यावर राग आला असता तर डॉक्टरांना सोपं गेलं असतं. तिने नुसती पर्स मांडीवर नीट ठेवली.

तेवढ्यात सगळ्यात मागच्या रांगेतून एक काकू काठी टेकत उठल्या. मंडळाच्या नेहमीच्या नव्हत्या. सून दवाखान्यातून आणून चाळत होती ते पुस्तक त्यांनी घेतलं होतं.

"मला ह्यांचं काही कळलं नाही," त्या म्हणाल्या. "ह्यात लिहिलंय, गार पाणी लागल्यावर झोंबत असेल आणि रात्री ठणकत असेल, तर दाखवून घ्यावं. माझं दोन्ही होतं. डाव्या बाजूला, खाली. तुम्ही इथे येणार कळलं म्हणून दाखवायला आले."

मंडळाचे लोक या बोलण्याचा अर्थ लावत होते. डॉक्टर व्यासपीठावरून खाली उतरले. त्यांना पहिल्यांदाच घाई झाली होती. इतक्या महिन्यांत प्रथमच त्यांनी लिहिलेलं वाक्य, जसं लिहिलं तसं, कोणीतरी वाचलं होतं.

त्यांनी काकूंना खिडकीपाशी खुर्चीवर बसवलं. "आ करा, काकू." उजेड पुरत नव्हता. ते खिसे चाचपू लागले, आणि बाजूने एका मोबाइलच्या टॉर्चचा झोत काकूंच्या तोंडात पडला. बायको उभी होती.

"अजून थोडा खाली धर," डॉक्टर म्हणाले. मग, काकूंच्या दाढेकडेच बघत, "ते मी लिहिलेलं नाही. ते धक्क्याचं."

"कळलं मला."

"सांगणार होतो."

"त्यातलं एक वाक्यही तुमचं नाही?"

"नाही."

टॉर्च हलला नाही. "तरीच," ती म्हणाली, "तो तिकीटवाला घरी आईच्या स्वयंपाकाचं कौतुक करायचा."

डॉक्टरांनी काकूंना सांगितलं की दाढ वाचेल, उद्या दवाखान्यात या, तोवर त्या बाजूने चावू नका. काकूंनी मान हलवली. हे सगळं पुस्तकात होतं, त्या म्हणाल्या, पण माणसाच्या तोंडून ऐकलेलं बरं.

"घरी गेल्यावर तुमचं ते द्या," बायको म्हणाली. "दातांचं. वाचते."

डॉक्टर हातातला रुमाल घडी करत थांबले. "कुठल्या कव्हरातलं देऊ?"

"कव्हर काढून द्या."

डॉक्टरांना यावर काहीतरी बोलायचं होतं, तिकीटवाल्याला सुचलं नसतं असं काहीतरी, आणि ते ओठांवर आलंही होतं. पण मागे काहीतरी सरकल्याचा आवाज आला म्हणून त्यांनी वळून पाहिलं. चिंतन मंडळ खिडकीपाशी रांगेत उभं होतं. सगळ्यात पुढे मॅनेजरसाहेब होते. त्यांनी डोळे मिटले होते आणि तोंड उघडलं होतं.

बायकोने टॉर्च तिकडे वळवला. मॅनेजरसाहेबांच्या वरच्या दोन दाढा किडलेल्या होत्या.